डेबियन लिनक्स १२ वरून १३ वर अपग्रेड: सेटिंगच्या फाइली जुन्या ठेवू की नव्या घेऊ?

कोथरूडकर: सर्व्हर चाकणच्या शेडमध्ये, मी कोथरूडला. मागच्या वेळी ११ वरून १२ वर जाताना एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायची सोय) सेटिंग फाइलीबद्दल विचारणा झाली: तुमची ठेवू की पॅकेजवाल्यांची घेऊ? म्हटलं नवीन ते चांगलं, घेतली. आम्ही पोर्ट २२२२ केला होता, तो परत २२ झाला, आणि फायरवॉलमध्ये २२ बंद, म्हणजे घरून आत शिरताच येईना. रात्री अकराला मॉनिटर-कीबोर्ड मागच्या सीटवर टाकून चाकण गाठलं. घरी अजून टोमणे ऐकतोय. यंदा काय दाबू? आणि मोजक्याच फाइलींबद्दल का विचारतात?

जुना_ॲडमिन: जुनी ठेवा. डीफॉल्टही तेच असतं, नुसतं एंटर दाबलं असतंत तरी वाचला असतात.

मोजक्याच का, तर डीपीकेजी (डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम) स्वतः बसवलेल्या फाइलीचा एमडी५ (मजकुराचा ठसा) नोंदवून ठेवतो. तुम्ही हात लावला नसेल तर गुपचूप नवी टाकतो. तुम्ही बदललीत, पण पॅकेजमधली तशीच आहे, तर तुमची राहते, तेही न बोलता. दोन्हीकडे बदल झाला तरच विचारतो. फाइल उडवलीत तर तो तुमचा निर्णय मानतो. मी एकदा एक फाइल उडवून पॅकेज तीनदा रिइन्स्टॉल केलं, फाइल काही येईना. फोर्स-कॉन्फमिस हा पर्याय द्यावा लागतो हे नंतर कळलं.

रात्रपाळी: एक दुरुस्ती. डेबियनमध्ये एसएसएचडीची (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) फाइल थेट डीपीकेजीकडे नाही, यूसीएफ हा वेगळा प्रोग्राम सांभाळतो. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये डीपीकेजीला फोर्स-कॉन्फोल्ड (जुनीच ठेव) दिलं म्हणून निश्चिंत राहू नका, या फाइलीला ते लागू नाही. यूसीएफ-फोर्स-कॉन्फफोल्ड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वेगळा सेट करावा लागतो.

मीना_सांगली: आमच्या फेडोराकडे (दुसरं एक लिनक्स) विचारतच नाहीत. फाइलीवर नोरिप्लेस लिहिलेलं असेल तर तुमची राहते, नवी डॉट-आरपीएमन्यू म्हणून शेजारी. नसेल तर उलट, तुमची डॉट-आरपीएमसेव्ह होते. अपग्रेड अडून राहत नाही हे बरं. पण मग त्या आरपीएमन्यूकडे कोण बघतंय? मी तरी महिनोन्‌महिने बघत नाही.

जुना_ॲडमिन: मीनाताई म्हणतात ते डेबियनलाही लागू. जुनी ठेवली की नवी डॉट-डीपीकेजी-डिस्ट किंवा डॉट-यूसीएफ-डिस्ट नावाने पडून राहते. अपग्रेडनंतर ईटीसीत (सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर) फाइंड चालवून त्या शोधा, एकेक डिफ करून (जुनी-नवी ताडून) बघा. नव्या आवृत्तीने काढून टाकलेला पर्याय जुन्या फाइलीत राहिला तर सर्व्हिस कदाचित उठणारच नाही.

खरा उपाय मात्र वेगळा: मूळ फाइलीला हातच लावू नका. डेबियन ११ पासून एसएसएचडीच्या फाइलीत वरच इन्क्लूडची (दुसऱ्या फाइली आत घेणारी) ओळ आहे. आपल्या चार ओळी एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी या फोल्डरमध्ये, डॉट-कॉन्फ शेवट असलेल्या फाइलीत टाका आणि मूळ फाइल पॅकेजवाल्यांची होऊ द्या. पुढच्या वेळी प्रश्नच येणार नाही.

रात्रपाळी: त्या फाइलीचं नाव ०१ ने सुरू करा, ९९ ने नको. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एसएसएचडी बहुतेक पर्यायांत आधी दिसलेली किंमत धरतो. क्लाउड मशीनवर ५०-क्लाउड-इनिट ही आयती फाइल आधी वाचली गेली की पासवर्ड लॉगिन बंद केलंय असं तुम्हाला वाटत राहतं आणि ते चालूच असतं. रीस्टार्टच्या आधी एसएसएचडी डॅश टी चालवा, फाइलीतली चूक कळते. आहे ते सेशन सोडू नका, दुसऱ्या टर्मिनलमधून आत येता येतंय का ते बघा, मगच झोपायला जा.

मीना_सांगली: आणि ईटीसीकीपर आजच टाका. सगळं ईटीसी गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) जातं, एपीटी (पॅकेज बसवायची आज्ञा) चालायच्या आधी आणि नंतर आपोआप कमिट, म्हणजे नोंद, होतो.

कोथरूडकर: ईटीसीकीपर टाकला, पोर्टची ओळ ०१ मध्ये हलवली. फाइंडमध्ये सहा फाइली निघाल्या, एक २०१९ ची. आणि यूसीएफने राखलेली जुनी प्रत, डॉट-यूसीएफ-ओल्ड, तीसुद्धा सापडली. म्हणजे त्या रात्री माझी फाइल तिथेच शेजारी होती, आणि मी चाकणला बसून सगळं आठवून आठवून टाइप करत होतो.

जुना_ॲडमिन: हे घरी सांगू नका.