मदत हवी आहे: शेतासाठी 'हेवी ड्युटी' फोल्डिंग चाकू घ्यावा का? (खानापूर तालुका)

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. फोल्डिंग चाकू घ्यायचा विचार आहे, पैसे घालण्याआधी जाणत्यांचं मत हवंय.

कामं अशी: ठिबकची 16 मिमीची नळी कापणे, सुतळी, खताच्या पोत्याची शिवण, काजूच्या बोटाएवढ्या फांद्या, काथ्याची दोरी, मधूनच आंबा-फणस. मोठ्या कामाला कोयता आहेच.

नजरेत असलेला चाकू: डी2 पोलाद, पातं 95 मिमी लांब आणि 4 मिमी जाड, लायनर लॉक (मुठीतली पातळ पट्टी सरकून उघडं पातं अडवते तो), वजन 210 ग्रॅम. विकणारा म्हणतोय, 'याने लाकूडसुद्धा फोडा'. बजेट 3000 पर्यंत.

इतकं जाड पातं लागतं का? आमच्याकडे जून ते सप्टेंबर काहीच कोरडं राहत नाही, त्यात गंजेल का? वडीलही वापरणार, ते डावखुरे आहेत. आणि खिशात ठेवून बेळगावात फिरलं तर पोलिसांचा त्रास होईल का?

वर्नियर

तुमच्या यादीत 4 मिमी जाडीचं एकही काम नाही की हो.

पात्याची पाठ किती जाड यापेक्षा धारेच्या लगेच वर पातं किती जाड आहे ते बघा. कापताना वस्तूत घुसतो तो हाच भाग. तिथे 0.4 ते 0.5 मिमी असेल तर दोरी, नळी, फळ सगळं सरळ कापतं. 0.8 च्या पुढे गेलं की चाकू कापत नाही, पाचरीसारखा फाकवतो. जाडी मोजायचा वर्नियर नसेल तर प्रिंटरचे साधे कागद घ्या, एक कागद साधारण 0.1 मिमी. पाच कागदांची चळत आणि धारेवरचा भाग शेजारी धरून बघितलं की अंदाज येतो.

नळीला जाड पातं लावलं की काय होतं सांगतो. नळी आधी चेपते, मग पातं एका बाजूला सरकतं आणि काप तिरका येतो. तिरक्या कापावर नळ्या जोडायचा जॉइनर पूर्ण बसत नाही आणि दाब आला की तिथूनच पाणी उडतं. मग लोक जॉइनरला शिव्या घालतात.

पाठ 2.5 ते 3 मिमी, लांबी 80 ते 90 मिमी, वजन 100-130 ग्रॅम. एवढ्यात तुमचं सगळं बसतं. 210 ग्रॅमचा चाकू आठवडाभर खिशात राहतो, मग कपाटात जातो.

तिरका_कोयता

'लाकूड फोडा' यावर अजिबात जाऊ नका. फोल्डिंग चाकूचा कच्चा भाग पातं नव्हे, सांधा. मागून दांडक्याने ठोकलं की सगळा मार पिव्होटच्या, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या, पिनवर आणि लॉकच्या पातळ पट्टीवर बसतो. पट्टी हळूहळू झिजते आणि एक दिवस पातं बोटांवर मिटतं. फांदी अंगठ्यापेक्षा जाड असली तर कोयताच काढायचा, नाहीतर घडीची करवत.

लायनर लॉक दुकानातच तपासून घ्या. चाकू उघडल्यावर आतली पट्टी पात्याच्या बुडाला कुठे टेकते ते वरून बघा. बुडाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत आली तर उत्तम. नुसती कडेला टेकली तर निसटू शकते. नवा चाकू असूनही पार पलीकडच्या बाजूला पोचली असेल तर झीज सहन करायला जागाच उरली नाही, परत करा.

मग पातं हलवून बघा. डावी-उजवीकडे हललं तर पिव्होटचा स्क्रू थोडा आवळून भागतं, बहुतेकांना टी8 किंवा टी6 चा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट लागतो. वर-खाली हललं तर दोष लॉकचा. तो स्क्रू आवळून जात नाही, त्यावर वेळ घालवू नका.

डावखुऱ्या माणसाला लायनर लॉक उलटा पडतो. मिटताना पट्टी अंगठ्याऐवजी बोटाने ढकलावी लागते आणि ते बोट पात्याच्या वाटेतच येतं. बॅक लॉक, म्हणजे मुठीच्या पाठीवर दाबायची जागा असलेला, दोन्ही हातांना सारखाच. मात्र दुकानात नेऊन वडिलांच्या हातात देऊनच बघा. काही बॅक लॉकची स्प्रिंग फार कडक असते.

ऊसपट्टा_चिकोडी

एवढं कशाला? लोहाराकडून गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा चाकू करून घ्या, चांभाराकडून चामड्याचं म्यान. सांधाच नाही तर मोडणार काय.

वर्नियर

शेतापुरतं तुमचं बरोबर आहे. पाट्याचं पोलाद चिवट, मोडत सहसा नाही. पण पाणी देणं (तापवून विझवून कडक करणं) माणसागणिक बदलतं, एकाच चाकूचं टोक कडक आणि मूठीकडचा भाग मऊ निघतो. घेताना कानस धारेवर हलकी फिरवून बघा. कानस घसरली तर पाणी बसलंय, सहज खरवडत गेली तर धार टिकणार नाही. फक्त म्यानातला चाकू कमरेला लावून बाजारात जाणं बरं दिसत नाही, आणि यांना बेळगावलाही न्यायचाय.

उद्यमबाग_हीट_ट्रीटमेंट

पोलादाविषयी. डी2 मुळात डाय आणि पंच, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, करायचं पोलाद. कार्बन सुमारे 1.5 टक्के, क्रोमियम 12 च्या आसपास. क्रोमियमचा बराच भाग कार्बनबरोबर कठीण कणांत अडकतो, गंज रोखायला थोडाच उरतो. म्हणून ते पूर्ण स्टेनलेस नाही. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडच्या पावसात रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी तांबूस ठिपके आलेच म्हणून समजा. धार मात्र लांबवर टिकवतं. दुसरी बाजू अशी की तारेवर किंवा दगडावर आपटलं तर धारेचा तुकडा उडतो, आणि साध्या दगडावर परत धार आणायला जीव जातो.

तुमच्या कामाला 14सी28एन नावाचं स्टेनलेस पोलाद जास्त जुळतं. कार्बन 0.6 च्या आसपास, क्रोमियम 14 टक्के आणि थोडा नायट्रोजन. गंज कमी, धार लवकर लागते. त्यापेक्षा स्वस्तात 8सीआर13एमओव्ही असतं. धार लवकर बसते पण लवकर लावावीही लागते.

नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलेला आणि पोलादाचं नाव न सांगणारा चाकू घेऊ नका. डी2 कोरलेलं असलं तरी ते डी2 असेलच असंही नाही, म्हणून अनोळखी नावाचा स्वस्त माल टाळा.

काजूचं आणखी एक. फांदीचा चीक पात्यावर वाळला की काळा थर धरतो आणि सांध्यात शिरला तर चाकू उघडताना अडतो. त्याच दिवशी फडक्यावर थोडं रॉकेल किंवा तेल घेऊन पुसा, मग साबणाने धुवा. कच्च्या काजूबीचं टरफल या चाकूने उघडू नका, त्यातलं तेल कातडी भाजतं आणि टोक घसरलं तर तळहातात जातं.

सीमेवरचा_वकील

कायद्याचं. शस्त्र कायदा 1959 चा, केंद्राचा आहे, त्यामुळे चंदगड-कोल्हापूरकडे गेलात तरी तोच. 2016 च्या शस्त्र नियमांत धारदार हत्यारांसाठी पात्याची लांबी 9 इंचांपेक्षा जास्त किंवा रुंदी 2 इंचांपेक्षा जास्त अशी मर्यादा आहे, आणि घरगुती व शेतीकामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तुमचा साडेतीन इंची चाकू त्यात बसत नाही.

म्हणून सगळीकडे बिनधास्त फिरवा असं मात्र नाही. बेळगावात 1 नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिन), विधिमंडळाचं अधिवेशन, निवडणूक अशा वेळी बंदी आदेश निघाला की त्यात हत्यार बाळगायलाही मनाई असू शकते, आणि तिथे इंच मोजत नाहीत. त्या दिवशी चाकू घरी. मोर्चा, सभा, यात्रा, कोर्ट, सरकारी कचेरी इथे तर कधीच नको. सांबरा विमानतळावरून जाताना चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत असला तर काढून घेतात.

बटण दाबल्यावर ताडकन उघडणारा घेऊ नका. शेतीकामाला त्याचा उपयोग काडीचाही नाही आणि नाक्यावर उत्तर देता देता दमाल. शहरात येताना चाकू खताच्या बिलासोबत, स्पॅनर-पक्कडीच्या पिशवीत असला तर तो अवजारच दिसतो.

तिरका_कोयता

लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. पातं पातळ, कापायला फार छान, पातं लॉक करायला फिरवायचं कडं दोन्ही हातांना चालतं. पण लाकूड पावसात फुगतं आणि पातं आत घट्ट अडकतं. तुमच्या भागात चार महिने तेच होणार. कोरड्या अथणीकडे असता तर हाच घ्या म्हटलं असतं.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. मग 4 मिमीचा डी2 रद्द. 14सी28एन, बॅक लॉक, 85 मिमी, 3 मिमी पाठ असा शोधतो, वडिलांना दुकानात नेतो. दोन शंका उरल्या: कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडे द्यावा का, आणि सांध्यात खोबरेल चालेल का?

उद्यमबाग_हीट_ट्रीटमेंट

कोरड्या चाकावर देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा धारेचं पातळ टोक क्षणात तापतं. निळसर झालं की तिथलं पाणी उतरलं, कडकपणा गेला, तेवढा भाग घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही.

घरी दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड पुरतो. तो पाण्यात भिजवा, धारेच्या उतारावर मार्करची शाई लावा आणि चार-पाच वेळा फिरवून शाई कुठून निघाली ते बघा. फक्त वरून निघाली तर पाठ जास्त खाली आहे, फक्त अगदी कडेवरून निघाली तर जास्त वर आहे. 25 मिमी रुंद पात्याला पाठ दगडापासून सुमारे 8 मिमी उचलली की दर बाजूला 20 अंशांच्या आसपास येतं. एका बाजूला पूर्ण लांबीभर बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत घासा, मगच दुसरी बाजू. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-बारा वेळा ओढा.

खोबरेल नको. थंडीत थिजतं, पुढे चिकट होऊन माती धरतं. शिलाई मशीनचं तेल, पिव्होटला एक थेंब, जास्तीचं पुसून टाका. चिखल गेला असेल तर आधी पाण्याने धुवा, उघडा ठेवून वाळवा, मग तेल. बॅक लॉकच्या खाचेत माती अडकली की पातं उघडल्यासारखं दिसतं पण लॉक पूर्ण बसलेला नसतो. ती खाच दात कोरायच्या काडीने साफ करा, आणि 'खट्' आवाज आल्याशिवाय जोर लावू नका.