लस घेतानाचे तुमचे अनुभव (टोकन नंबर ८३)

माजघर
काल बाबांचं कपाट आवरताना विम्याच्या फाईलमध्ये एक चिटोरा सापडला. स्केचपेनने लिहिलेलं ८३, खाली अर्धवट उठलेला शिक्का. दोन मिनिटं कळेचना कसला आहे, मग ती सगळी सकाळच आठवली.

२० मार्च २०२१. साठीच्या पुढच्यांचं कोरोनाचं लसीकरण १ तारखेला सुरू झालेलं. मी साडेपाचला रांग लावायला गेले तर पुढे माणसं कमी आणि चपला, पिशव्या, एक हेल्मेट असलं जास्त. बाबा नऊला आले, इस्त्रीचा फुलशर्ट, मनगटाची बटणं लावून. बाही दंडापर्यंत चढेना. शेवटी खुर्चीत बसून अर्धा शर्ट काढला. सिस्टरने जुना व्रण बघितला, "काका, तुम्हाला तर आधीच शिक्का मारलाय." बाबा म्हणाले, "तो देवीचा. तेव्हा रांग नव्हती, मास्तर कॉलर धरून आणायचे."

दुसऱ्या डोसची तारीख १७ एप्रिल दिली होती. मग नियम आला, सहा ते आठ आठवडे. तेवढे भरले तर लस नाही. लस येतेय म्हणेपर्यंत मेच्या मध्यात अंतर झालं ८४ दिवस. बाबांनी कालनिर्णयवर तीनदा गोल केला, दोनदा खोडला. जूनमध्ये झाला एकदाचा.

तुमच्याकडे काय काय झालं? लिहा.

कैरीपन्हं
चपलांची रांग!! आमच्या इथे एकाने वीट ठेवलेली, वर खडूने आडनाव. पुढे सरकली की सगळे मिळून वीट सरकवायचे.

भटक्या७९
२८ एप्रिल, दुपारचे ४. अठराच्या पुढच्यांची नोंदणी. ओटीपी यायचा तेव्हा वेळ संपलेली असायची. मग रोज रात्री कोविनच्या साइटवर पिनकोड टाकत बसायचं. पुण्यात सगळे स्लॉट लाल, म्हणजे भरलेले, घाटापलीकडच्या एका गावात चार हिरवे. दीड तास गाडी मारली, टोचून घेतली, हॉटेलं बंद म्हणून गाडीतच डबा खाल्ला आणि परत. तेव्हा काय पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं.

ओसरीवरून
तुम्ही आलात त्याच गावचा नसेन, पण तसल्याच गावचा. मेच्या पहिल्या आठवड्यात सकाळी केंद्राच्या दारात बारा गाड्या, सगळ्या शहरातल्या. आमची पोरं समोरच्या ओट्यावर बसून बघतायत. इथं रेंज पाहिजे तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, तोवर स्लॉट गायब. आणि लस गावच्याच केंद्रावर बरं का. पुढच्या आठवड्यात तर लसच कमी म्हणून राज्याने १८ ते ४४चं थांबवलं. आता राग नाही, तेव्हा होता.

भटक्या७९
बरोबर आहे तुमचं. खरं सांगू का, तेव्हा लाजबीज काही वाटली नाही. एप्रिल बघितला होता ना.

ओसरीवरून
डब्यात काय होतं?

भटक्या७९
दोडका

ओसरीवरून
मग मिटलं. शिक्षा झालेली आहे तुम्हाला.

सिस्टर_उपकेंद्र
मी टोचणाऱ्या बाजूची. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.
एका कुपीत १० डोस. फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची, आणि वाया गेल्याचा हिशोब वर द्यायचा. त्यामुळे दुपारी साडेतीनला सातच माणसं असली की मी कुपी हातात धरून बसायचे आणि आशाताई तिघं शोधायला पाड्यावर. एकदा तिने ट्रॅक्टरवालाच आणला रस्त्यातून. तो ट्रॅक्टर बंद करेना, म्हणे बंद केला की परत सुरू होत नाही. टोचल्यावर अर्धा तास बसवायचं असतं. तो आत बाकावर, ट्रॅक्टर बाहेर धडधडतोय, कुणाला कुणाचं ऐकू येत नाही.
शहरातले विचारायचे कोविशिल्ड आहे की कोव्हॅक्सिन, साडीचा पोत बघावा तसं. पाड्यावर एकच प्रश्न, ताई मरणार नाय ना. मी सांगायचे, माझ्या आईला मीच टोचली, ठणठणीत आहे. थाप होती, आईला तोवर टोचलीच नव्हती, ती भावाकडे. नंतर टोचली. बाहेर पेशंट आलाय, जाते.

कैरीपन्हं
ट्रॅक्टर 😂 सिस्टर तुम्ही रोज लिहा हो

गवतीचहा
पहिल्या डोसला ताप नाही आला म्हणून आमच्या सासूबाईंना वाटलं पाणीच टोचलं. शेजारच्या काकूंना १०२ आला, तर त्यांचा हेवा! रात्रभर दर तासाला थर्मामीटर. पहाटे ९९ दिसला तेव्हा कुठे झोपल्या.

मधलीसुट्टी
अवांतर: दंडावरचा व्रण देवीचा की बीसीजीचा (टीबीच्या लसीचा) हे कसं ओळखायचं? माझ्या डाव्या दंडावर एक बारका आहे.

आजोबा_कऱ्हाड
तुमचा जन्म १९८० नंतरचा असेल तर बीसीजीचा. देशातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मधला, पुढे काही वर्षांत टोचणंच बंद झालं. आमचे व्रण मोठे, रुपयाएवढे. टोचणारा फिरकीची सुई दंडावर ठेवून गर्रकन फिरवायचा. शाळेत आला की मागच्या खिडकीतून निम्मा वर्ग पसार. मी पण. दुसऱ्या दिवशी घरी येऊन टोचली त्याने, आणि आईने वर त्याला चहा दिला. ते जास्त लागलं.

मधलीसुट्टी
८४चा. धन्यवाद आजोबा. आणि तेव्हाचा रुपया केवढा होता?

तेरडा
धागा वाचतेय दुपारपासून. लिहावं की नाही.
भाऊ ४१ वर्षांचा. ४५च्या आत म्हणून एप्रिलमध्ये नंबर नव्हता. २८ तारखेला रात्री त्याची नोंदणी झाली, मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली 'ताई झालं एकदाचं'. ३० ला ताप. १३ मेला गेला.
आजोबा, तुमचं चहाचं वाचून हसू आलं. खूप दिवसांनी इथे काहीतरी लिहिलं.

माजघर
तेरडा, काय बोलू. व्यक्तिगत निरोप करते.

कैरीपन्हं
:( माझा मामा. त्याच एप्रिलमध्ये.

ओसरीवरून
ताई _/\_

लोकलकर
१५ ऑगस्टपासून लोकल, पण दोन डोस आणि वर १४ दिवस. माझा दुसरा १२ ऑगस्टला. म्हणजे २६ पर्यंत घरासमोरून गाड्या जाताना बघायच्या आणि आपण बसने सव्वादोन तास. मग स्टेशनवर सर्टिफिकेट दाखवा, शिक्का मारून घ्या, मग खिडकीवर पास. लस घेताना एवढा आनंद झाला नव्हता तेवढा तो पास हातात आल्यावर. पहिल्याच दिवशी कोणीतरी पायावर पाय दिला आणि सॉरी पण म्हणाला नाही. इतकं बरं वाटलं!

पावसाळी_लंडन
आईला कोव्हॅक्सिन मिळाली होती. ऑक्टोबरात माझ्या बाळंतपणाला आली तर इथे ती लस धरतच नव्हते, म्हणजे न घेतल्यातच जमा. दहा दिवस वरच्या खोलीत विलगीकरण. खाली बाळ रडलं की वर पावलं वाजायची, दारापर्यंत यायची आणि थांबायची. जिन्याच्या पायरीवर ताट ठेवून मी मागे सरायचे. तिने डिंकाचे लाडू माझ्यासाठी आणलेले, तेही तिथूनच पायरीवर ठेवायची, एकेक.
नोव्हेंबरच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिन मान्य केली, २२ तारखेपासून ब्रिटननेही. आई तेव्हा परतीची बॅग भरत होती.

गवतीचहा
अगं बाई. लाडू टिकले का पण प्रवासात? माझे नेहमी भुगा होतात.

पावसाळी_लंडन
पाक थोडा जास्त ठेवते ती. विचारून सांगते.

झेरॉक्सवाला
त्या काळात आम्ही किती सर्टिफिकेटं लॅमिनेट केली त्याला गणती नाही. एक आजी स्वतःचं आणि गेलेल्या आजोबांचं पाठीला पाठ लावून एकाच प्लॅस्टिकमध्ये करून घेऊन गेल्या. आजोबांचा एकच डोस झालेला.

मधलीसुट्टी
@माजघर ते टोकन ठेवलंत का टाकलंत?

माजघर
टाकणार होते. बाबा म्हणाले, आण इकडे, त्याच्या मागे दूधवाल्याचा हिशोब आहे. बघितलं तर खरंच आहे. मार्चचे तीन खाडे.

गवतीचहा
कापले का पैसे त्याने?