तुमच्याकडे 'लाईन' म्हणजे काय?

डेडलाईन, हेडलाईन बाजूला ठेवा. रोजच्या बोलण्यातली 'लाईन' तुमच्या गावात कशाला म्हणतात, ते लिहा. सुरुवात मी करतो.

जालन्याकडे आमच्या गावात लाईन म्हणजे शेतपंपाची थ्री फेज वीज. घरात असते ती लाईट, मोटारीला येते ती लाईन. रात्रीची पाळी असली की काका ताटावरच विचारणार, "आज लाईन कितीला हाय?" मग बॅटरी नि काठी घेऊन बांधावर जाऊन बसायचं. दोन वाफे भिजले की डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडतो. लाईनमनला फोन लावला तर म्हणतो, "लाईन चालूच हाय, तुमचा एक फेज गेला असंल." बऱ्याच जणांनी मोटारीला ऑटो बसवलेत, लाईन आली की मोटार आपोआप चालू होते. पण दारं धरायला, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवायला, ऑटो येत नाही ना!

*

माझं लहानपण पोलीस लाईनीत गेलं. पत्ता म्हणून "लाईनीत राहतो" एवढं पुरायचं. शाळेत काच फुटली की मास्तर आधी लाईनीतल्या पोरांना उभं करायचे. (बहुतेक वेळा बरोबर असायचे.) ही लाईन मूळची पलटणीची, शिपायांच्या ओळीनं बांधलेल्या बराकींची. मुंबईचं मरीन लाईन्सही त्यातलंच. मरीन बटालियनच्या लाईन्स तिथं होत्या, म्हणून ते नाव.

*

डोंबिवलीत लाईन म्हणजे सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर. ट्रान्स-हार्बरवाल्यांनी रागावू नये. माझ्या मावशीनं बोरिवलीचं चांगलं स्थळ नाकारलं, कारण काय तर "माहेरी यायचं म्हणजे दर वेळी दादरला गाडी बदला, लाईनच वेगळी."

*

आमच्या सांगलीत स्थळ बघताना "मुलगा कुठल्या लाईनला आहे?" म्हणजे धंदा काय करतो. मेडिकल लाईन, हॉटेल लाईन. मावशींना तो प्रश्न कळलाच नसता!

*

ऑपरेटरकडून जोडून घ्यायचा तो बाहेरगावचा फोन, ट्रंक कॉल, बुक केलेले कुणी आहे का इथे? ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. लाइटनिंगचा दर ऑर्डिनरीच्या कितीतरी पट, म्हणून तो शक्यतो मयताची बातमी कळवायलाच. पोस्टातल्या बाकावर तासन्‌तास बसायचं आणि ऑपरेटर म्हणणार, "लाईन मिळत नाही." मिळाली तरी निम्मा वेळ "हॅलो, ऐकू येतंय का?" यातच जायचा.

*

न्यू जर्सीहून. इकडे आणि न्यूयॉर्कात काही जुनी माणसं रांगेत उभी असली की 'ऑन लाईन' म्हणतात. इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून. बाकी अमेरिका 'इन लाईन', आणि लंडनची बहीण म्हणते लाईन कसली, क्यू म्हण.

*

'लाईन मारणे' अजून कुणीच लिहिलं नाही? इतके सभ्य कधीपासून झालात?

*

लिहिलं असतं. बायको इथेच वाचते.