साथ आली की सरकारला किती मोकळीक द्यायची?

पेठकर
१८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगसाठी आला. मूळची जेमतेम चार कलमं. नेहमीचे कायदे पुरे पडत नाहीत असं सरकारला वाटलं की हवे ते तात्पुरते नियम करा, आणि सद्भावनेनं काम करणाऱ्यावर खटला नाही. नियम किती दिवस चालणार, विधिमंडळापुढे कधी ठेवायचे, याबद्दल चकार शब्द नाही. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे सोजीर घराघरांत घुसले ते याच काळात. २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, पुढे टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. एवढं सगळं होऊनही मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं तोच कायदा लागू केला, याचा मला अजून राग येतो. आणीबाणीच्या घोषणेलासुद्धा महिन्याच्या आत संसदेची मंजुरी लागते. साथीतल्या आदेशांनाही मुदत हवी, आणि ती वाढवायची तर विधिमंडळात कारणं द्यावी लागली पाहिजेत.

वॉर्डातली डॉक्टर
मी कोविड वॉर्डात काम केलंय, म्हणून स्पष्ट लिहिते. पॉझिटिव्ह माणूस घरी न थांबता लग्नाला गेला, तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी विचारलं होतं का? स्वातंत्र्य त्यांनाही आहे. साथीत चार दिवस उशीर म्हणजे वॉर्डात खाटा कमी पडणं. आणि १८९७ चा दाखला अर्धाच देऊ नका. सावित्रीबाई फुले त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेल्या. टिळकांनीही प्लेगचं इस्पितळ काढलं होतं. लोक चिडले ते रुग्ण वेगळे ठेवले म्हणून कमी, आणि देवघरापर्यंत बूट घालून शिरले म्हणून जास्त.

पेठकर
डॉक्टर, मी तेच म्हणतोय! बूट बाहेर काढायला लावणारी ओळ त्या कायद्यात कुठे आहे? अधिकारी समजूतदार निघाला तर ठीक, नाहीतर रँड.

जालना लाईन
पुण्याचा इतिहास झाला असेल तर आमच्याकडचंही ऐका. २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद. मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्या सुटायला १ मे उजाडला. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते. चार तासांत काम बंद करता येतं, तर माणसं घरी पोचवण्याची सोय त्याच आदेशात का नको? तुम्ही हक्कांवर भांडताय, पण आधी भाकरीचं बोला.

लोकलप्रवासी
मी डॉक्टरांच्या बाजूचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांनाच लोकल, हा नियम मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. गच्च भरलेल्या डब्यात माझा निर्णय माझ्यापुरता राहत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २ मे २०२२ ला लस टोचून घ्यायची सक्ती करता येणार नाही म्हटलं, पण गरजेपुरते निर्बंध घालायचा सरकारचा अधिकार मान्य केला.

जालना लाईन
त्याच निकालात तेव्हाचे निर्बंध प्रमाणाबाहेर आहेत, असंही म्हटलंय. आणि ऑगस्टमध्ये ज्या तरुणाला दुसरा डोस मिळालाच नव्हता, त्यानं रोजी कशी गाठायची? आधी पुरवठा, मग अट.

वॉर्डातली डॉक्टर
हे मला मान्य. पेठकर, मुदतही मान्य, पण क्रम असा: आदेश आधी, मंजुरी नंतर, पंधरा दिवसांत. मात्र खटल्यापासून संरक्षण देणारं चौथं कलम काढू देणार नाही. रात्री दोनला गाव सील करायचा निर्णय घेणाऱ्या तहसीलदाराला कोर्टाची भीती घातलीत, तर तो सहीच करणार नाही.

पेठकर
पंधरा दिवस चालतील. चौथ्या कलमावर मात्र माझा विरोध कायम. सही करणाऱ्याला संरक्षण द्या, पण लाठी चालवणाऱ्याला तेच कलम नको.