जीएनएम झालेल्या परिचारिकेने परदेशातील नोकरीची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न – सोलापूरची स्टाफ नर्स

नमस्कार. माझे जीएनएम (नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम) झाले असून सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये मी चार वर्षे काम करत आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे. एका एजंटने जर्मनीतील नोकरीसाठी साडेतीन लाख रुपये मागितले असून त्यातील एक लाख रुपये आणि सर्व मूळ प्रमाणपत्रे आधी जमा करावीत, असे त्याचे म्हणणे आहे. मैत्रिणी मात्र इंग्लंडचे नाव घेतात, कारण तेथे नवी भाषा शिकावी लागत नाही. वडील कर्ज काढायला तयार आहेत, आणि नेमकी त्यामुळेच मला घाई करायची नाही. कोणता देश निवडावा आणि पैसे नेमके कशाकशासाठी लागतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ – नेकारकाठ

मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही हाती देऊ नका. अर्जासोबत साक्षांकित प्रती आणि मान्यताप्राप्त अनुवादकाने केलेले जर्मन भाषांतर जोडायचे असते. मूळ कागद अडकवून ठेवण्याचे कारण एवढेच, की तुम्ही मध्येच दुसरीकडे जाऊ नये. भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. जर्मन सरकारी यंत्रणा आणि केरळ सरकारची नॉर्का रूट्स ही संस्था यांच्यातील ‘ट्रिपल विन’ योजनेत तर परिचारिकेकडून भरतीचे शुल्कच घेतले जात नाही, कारण तो खर्च नोकरी देणारे रुग्णालय उचलते. आपल्या शासनानेही 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे, तेव्हा एजंटला हो म्हणण्यापूर्वी तिकडेही चौकशी करा.

आता कामाचे. जर्मनीत परिचारिका म्हणून परवाना मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे बी-टू पातळीचे जर्मन लागते (भाषेच्या सहा पातळ्यांपैकी ए-टू ही दुसरी, बी-वन तिसरी आणि बी-टू चौथी). ती शिकवणारे मॅक्सम्युलर भवन पुण्यात आणि मुंबईत आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना या पातळीपर्यंत पोहोचायला एक-दीड वर्ष सहज लागते, आणि रात्रपाळ्या असतील तर त्याहूनही अधिक. ज्या राज्यात नोकरी असेल तेथील मान्यता कार्यालय तुमचा अभ्यासक्रम तिकडच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहते, आणि आपल्याकडच्या बहुतेक अर्जांना ‘डेफिझिटबेशाइड’, म्हणजे कोणते विषय आणि किती प्रात्यक्षिक कमी पडते हे सांगणारे पत्र येते. ते पत्र म्हणजे नकार नव्हे. त्यानंतर रुग्णालयातील पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा यांपैकी एक मार्ग घेता येतो. मार्च 2024 पासून ‘मान्यता भागीदारी’ या सोयीखाली ए-टू पातळीवरही जाता येते, पण परवाना मिळेपर्यंत काम आणि पगार मदतनिसाचाच असतो, हे एजंट सहसा सांगत नाहीत. ए-टूच्या जर्मनवर वॉर्डातील हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती देणे) समजत नाही, म्हणून माझे स्पष्ट मत असे की किमान बी-वन झाल्याशिवाय निघू नये.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे ही कामे नातेवाईक किंवा मावशी करतात. जर्मनीत ती परिचारिकेचीच असतात, आणि आयसीयूतून आलेल्या मुलींना सुरुवातीला हेच सर्वांत जड जाते.

उत्तर २ – लीड्सची मराठी नर्स

इंग्लंडमध्ये भाषा शिकावी लागत नाही हे अर्धेच खरे आहे. तेथील नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणाला 7, तर लेखनाला 6.5 गुण लागतात. ओईटी ही आरोग्यक्षेत्रासाठीची इंग्रजी परीक्षा दिली तर लेखनात ‘सी प्लस’ आणि बाकी तिन्हींत ‘बी’ श्रेणी पुरते, आणि तिचा मजकूर रुग्णालयातलाच असल्यामुळे अनेकींना ती सोयीची वाटते. नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा भारतात देता येते, पण ऑस्की ही दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा तिकडेच द्यावी लागते. त्या परीक्षेत हात कसा धुतला, रुग्णाची संमती घेतली का, आपण काय करत आहोत हे त्याला मोठ्याने सांगितले का, यालाही गुण असतात; निमूटपणे अचूक काम करण्याची आपली सवय तेथे नडते.

मुख्य अडचण वेगळीच आहे. करोनानंतरच्या काळात रुग्णालये परदेशातून मोठ्या संख्येने परिचारिका बोलावत होती; गेल्या काही काळात ती भरती बरीच घटली आहे. जुलै 2025 पासून केअर वर्करसाठी परदेशातून नवे व्हिसा देणे बंद झाले आहे, त्यामुळे त्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. परिचारिकांसाठी मार्ग खुला आहे, मात्र नियुक्तिपत्र हाती येण्यापूर्वी राजीनामा देऊ नका आणि करारातील परतफेडीचे कलम नीट वाचा, कारण ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास रुग्णालय आपला खर्च त्या कलमाखाली मागू शकते.

उत्तर ३ – दम्मामहून

आखाताचा विचार असेल तर कागदपत्रांची डेटाफ्लो या कंपनीकडून पडताळणी आणि प्रोमेट्रिक केंद्रावरची संगणकीय परवाना परीक्षा हा रस्ता तुलनेने लवकर संपतो, परंतु तेथे कायमचे वास्तव्य सहसा मिळत नाही. कुवेतच्या भरतीत परिचारिकांकडून लाखो रुपये उकळल्याचे केरळात उघडकीस आल्यानंतर 2015 मध्ये केंद्र सरकारने आखातासह 18 देशांसाठीची भरती सरकारी संस्थांकडे सोपवली, तेव्हा खासगी एजंट पुढे आला तर त्याला ती परवानगी आहे का, हे आधी तपासा. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही तिकडची परवाना परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही भारतात जन्मलेल्यांना ग्रीन कार्डाच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) रांगेत दहा वर्षांहून अधिक थांबावे लागते, त्यामुळे तो पर्याय मी पहिला मानणार नाही.

सोलापूरची स्टाफ नर्स

सर्वांचे आभार. एजंटला नकार कळवला आहे. जर्मनच शिकावे असे मनाने घेतले आहे. वर्ग सुरू होईपर्यंत कोणते कागद मिळवून ठेवावेत?

नेकारकाठ

सर्वांत आधी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे महाविद्यालयाकडून मिळणारा अभ्यासक्रमाचा सविस्तर तपशील. त्यात प्रत्येक विषयाचे तास आणि प्रत्येक वॉर्डातील प्रात्यक्षिकाचे तास वेगवेगळे दाखवलेले असावेत, कारण नुसती गुणपत्रिका पाहून तिकडच्या कार्यालयाला तुलना करता येत नाही. महाविद्यालयाने मोघम पत्र दिले तर ते न स्वीकारता पुन्हा मागा. अनुभवाच्या दाखल्यावर ‘आयसीयू’, खाटांची संख्या आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे काम यांचा उल्लेख करून घ्या, आणि तो नोकरीत असतानाच घ्या. कौन्सिलचे गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र) मात्र अर्जाच्या वेळीच मागवा, कारण ते ताजे असावे लागते. पासपोर्ट, दहावीचा दाखला आणि नोंदणी प्रमाणपत्र यांवरील नावाचे स्पेलिंग आजच ताडून पाहा. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या.