पालकमंत्री कुठला, ते आधी बघा

"वेगळे लढून निकालानंतर एकत्र आले, म्हणजे मतदाराला फसवलं," असं निवडणुकीनंतर आघाडी करून सरकार बनवणाऱ्या पक्षांबद्दल म्हटलं जातं. मग १९९९ चं काय? काँग्रेस-राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढले, ऑक्टोबरात मांडीला मांडी लावून बसले आणि त्याच आघाडीत २००३ ला आपले सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. तेव्हा सोलापुरात कुणी फसवणूक म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही! २०१४ ला तर शिवसेना आधी विरोधी बाकांवर बसली आणि डिसेंबरात मंत्री झाली.

माझं दुखणं वेगळंय. आघाडीतले पक्ष मिळून ठरवतात त्या किमान समान कार्यक्रमात कर्जमाफी येते, पण धरणातलं पाणी कुठल्या तालुक्याला जाणार ते येत नाही. २०२१ मध्ये आपल्या उजनी धरणाचं पाच टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला न्यायचं ठरलं, तेव्हा सोलापूरचे पालकमंत्री, म्हणजे जिल्ह्याची जबाबदारी असलेले मंत्री, होते इंदापूरचेच आमदार. जिल्हा पेटला आणि मे महिन्यात निर्णय रद्द करावा लागला. गंमत म्हणजे जलसंपदा खातंही त्यांच्याच पक्षाकडे होतं, म्हणजे मित्रपक्षांवर ढकलायचीही सोय नव्हती. धरण आपल्या जिल्ह्यात, आणि सोलापूर शहरात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांआड!

त्यामुळे नवं सरकार आलं की विश्वासदर्शक ठरावाचे आकडे तुम्ही मोजत बसा. मी पालकमंत्र्यांची यादी येईपर्यंत थांबतो.