घरचा ग्रुप: पुलात मीठ घालायचं का?

ताई, रात्री ८:४०
दादा, पोचलो आम्ही. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साटं सगळं नीट आलं. एक बोलायचं होतं. छोटीचे डोळे अजून लाल आहेत. चार दिवस ती आपल्या वाडीतल्या स्विमिंग पुलातून बाहेरच निघत नव्हती हे खरं, पण केस अगदी काथ्यासारखे झालेत आणि कोपरांना खाज आहे. इथे ओळखीच्यांनी बंगल्यातला पूल मिठाच्या पाण्याचा करून घेतलाय. त्यात क्लोरीन लागत नाही म्हणतात. त्यांच्या माणसाकडून आपल्या पुलाचं कोटेशन मागवलं, सव्वा लाख सांगितलं. निम्मे मी देते. पावसाआधी करून टाकू या का?

वहिनी, ८:५२
ताई, छोटीला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पुलाचं म्हणाल तर मला हवंच आहे. सकाळी क्लोरीनची पावडर मीच घालते. डबा उघडला की घशात भपकारा जातो आणि दुपारपर्यंत खोकला राहतो. त्यात आपल्याकडची ही दमट हवा, महिनाभरात पावडरीचे गठ्ठे होतात, जोरही राहत नाही.

भाऊकाका, ९:०५
मीठच हवं तर विकत कशाला? सुरूच्या बनापलीकडे समुद्र आहे. पाइप टाकून तेच पाणी पुलात घ्या.

भाचा, ९:११
भाऊआजोबा, समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मिठाच्या पुलाला लागतं फक्त ३ ग्रॅमच्या आसपास. आपल्या अश्रूंतसुद्धा ९ ग्रॅमच्या जवळपास असतं, म्हणून हे पाणी डोळ्यांना बोचत नाही. यंत्र तेवढ्या सौम्य पाण्यासाठीच बनवलेलं असतं. समुद्राचं पाणी सोडलं तर पंप, शिडी, दिवे काहीच टिकणार नाही.

आणि आई, एक गैरसमज आहे. मिठाच्या पुलात क्लोरीन असतंच. पंपानंतरच्या पाइपात एक सेल बसवतात. आत टायटॅनियमच्या पट्ट्या, त्यांवर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा थर. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की त्याच मिठातून क्लोरीन तयार होतं आणि पुलात जातं. जंतू मारून झाले की त्याचं पुन्हा मीठ बनतं. म्हणजे क्लोरीनचा कारखाना घरी आला, एवढाच फरक. पुलात क्लोरीन तेवढंच ठेवायचं असतं, १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम.

ताई, ९:१५
मग त्यांच्या पुलाला वास का येत नाही? मी स्वतः उतरले होते. पाणी इतकं मऊ लागलं की अंगाला साबण लावल्यासारखं वाटत होतं.

भाचा, ९:२४
मऊ लागतं हे खरं आहे, आणि तो मिठाचाच गुण. पण वासाचं कारण वेगळं. आपण ज्याला क्लोरीनचा वास म्हणतो तो क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन बनतं. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. यंत्र दिवसभर थोडं थोडं क्लोरीन सोडत राहतं, त्यामुळे त्यांच्याकडे ते साठत नसेल. आपल्याकडे सकाळी एकदा पावडर पडते, दिवसभरात खर्ची पडते आणि संध्याकाळी बारा पाहुणे उतरतात तेव्हा पाणी उघडं पडलेलं असतं.

निघायच्या दिवशी मी किटने पाणी तपासलं होतं. पीएच ८.०, फ्री क्लोरीन, म्हणजे कामाला मोकळं असलेलं, १.०, टोटल २.४. टोटलमधून फ्री वजा केलं की उरतं ते क्लोरामाइन, १.४. ते ०.२ च्या वर जाऊ नये. छोटीच्या डोळ्यांचं कारण हे आहे. सायन्युरिक ॲसिड १०० च्या वर निघालं, ते क्लोरीनच्या टॅबलेटमधून आलंय. उन्हापासून क्लोरीनला जपायला ते थोडं लागतं, पण इतकं झालं की क्लोरीन असूनही सुस्त पडतं.

वहिनी, ९:३०
टॅबलेट मी दिवाळीपासून घालतेय. वर रोजची पावडर, शनिवार-रविवारी गर्दी असली की ती जास्त. टॅबलेटचा डबा रिकामा झाला की त्यातच पावडर भरून ठेवते, त्याला झाकण घट्ट बसतं.

भाचा, ९:३१
मामी, ते आजच थांबव. त्या टॅबलेट आणि ती पावडर यांचा कोरडा चुरासुद्धा एकत्र आला, वर थोडा ओलावा लागला, तर पेट घेतो, स्फोट होऊ शकतो. डबा वेगळा, मापही वेगळं. आणि पीएच उतरवायला ॲसिड घालता ते कधीच पावडरीजवळ ठेवायचं नाही. त्या दोघांतून सरळ क्लोरीनचा वायू निघतो. तुझा खोकला कदाचित यातलाच असेल.

वहिनी, ९:३४
बापरे. आत्ताच जाऊन वेगळं करून आले. ॲसिडचा कॅन गोठ्याच्या पडवीत नेऊन ठेवलाय.

दादा, १०:२०
जेवण आटपून निवांत लिहितोय. ताई, तू पैसे देऊ केलेस, तुझा जीव आहे घरावर, ते मला माहीत आहे. पण मला हे मीठ नको आहे. कारण पुलाशी नाही, वाडीशी आहे.

आपला पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.३. म्हणजे जवळजवळ ४२,००० लिटर पाणी. लिटरला ३ ग्रॅमच्या हिशेबाने १३० किलोच्या आसपास मीठ. कोटेशनवाला म्हणेल एकदाच घालायचं, कारण पाणी उडून गेलं तरी मीठ मागे राहतं. पुण्यात ते बरंचसं खरं आहे. आपल्या जिल्ह्यात चार महिन्यांत ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो. पुलाच्या तोंडावर ३ मीटर पाऊस म्हणजे ९६,००० लिटर, पुलात मावतं त्याच्या दुपटीहून जास्त. ते सगळं ओसंडून बाहेर जाणार. ऑक्टोबरला पुलात मिठाचा जेमतेम दहावा हिस्सा उरेल. बाकी ११५ किलो मीठ दरवर्षी ओव्हरफ्लोच्या पाइपातून कुठे जातं? पोफळींच्या मधल्या पाटात. आणि पाट संपतो तिथून विहीर वीस पावलांवर.

हे झालं पावसाचं. फिल्टरची वाळू दर आठवड्याला उलट पाण्याने धुतो, त्यात सहा-सातशे लिटर पाणी जातं, म्हणजे पुन्हा दोन किलो मीठ, ऐन उन्हाळ्यात, जेव्हा विहिरीला तळ दिसतो. आपली जमीन पुळणीची. वाळूतून पाणी क्षणात खाली उतरतं. मेमध्ये जास्त उपसा केला की विहिरीला मचूळ चव येते, हे आपण सगळ्यांनी चाखलंय. समुद्राचं खारं पाणी खालून टेकलेलंच आहे, वर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो, त्यावर ही वाडी जगते. त्यात वरून आपणच मीठ ओतायचं?

भाऊकाका, १०:३१
माडाच्या आळ्यात आपण मीठ घालतोच की रे. माझे वडील प्रत्येक माडाला मोजून घालत.

दादा, १०:३८
घालतो काका, तुमच्याच हाताखाली शिकलो. पण माड खारं सोसतो, पोफळ आणि कलम नाही सोसत. ज्या वर्षी विहीर मचूळ झाली त्या वर्षी वरच्या अंगाच्या पोफळींची पानं टोकापासून करपली होती, आठवतंय? तुम्हीच शिंपणं बंद करायला लावलंत. आणि माडाला घालतो ते ओंजळीने, आळ्यापुरतं. कोकणात खाडीकाठच्या माणसांनी भातजमिनीत खारं पाणी शिरू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांध घातले, दरवर्षी डागडुजी केली. एकदा शेत खारवलं की पुन्हा गोडं व्हायला किती पावसाळे जातात ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

भाऊकाका, १०:४४
हं. मग ओव्हरफ्लोचं पाणी समुद्राकडे वळवलं तर?

दादा, १०:४९
विचार केला होता. पुळणीचा उंचवटा वाडीपेक्षा वर आहे, पाणी चढणार नाही. पंप लावून चढवायचं म्हटलं तर जोराच्या पावसात नेमकी लाइट जाते. आणि लाइट गेली की ते मिठाचं यंत्रही बंद, क्लोरीन तयारच होणार नाही. तौक्तेच्या वेळी, २०२१ च्या मेमध्ये, आपण अंधारात किती दिवस काढले ते आठवा. तेव्हा बादलीत औषध कालवून हाताने फिरवता आलं म्हणून पाणी हिरवं झालं नाही.

आणखी एक. पुलाच्या काठाला आपण जांभ्याचा चिरा बसवलाय. चिरा म्हणजे सगळी भोकंच. खारं पाणी त्यात मुरतं, ऊन लागलं की आतल्या आत मिठाचे खडे वाढतात आणि दगड पापुद्र्याने सुटतो. समुद्राकडच्या गडग्याचं काय झालंय ते बघा. काठ तीन वर्षांत बदलावा लागेल. शिडीवर आताच तांबूस ठिपके आहेत.

भाचा, ११:०२
मामाचं पटतंय. शिडी ३०४ स्टीलची आहे, मिठाच्या पुलाला निदान ३१६ लागतं. सेलही कायमचा नसतो, साधारण तीन ते सात वर्षं चालतो. मिठाच्या यंत्राने पीएच सारखा वर चढतो, म्हणजे ॲसिडचा कॅन घरात राहतोच. पट्ट्यांवर चुन्याचा थर बसला की त्यासुद्धा पातळ ॲसिडनेच धुवायच्या.

पण पूर्ण खरं सांगायचं तर आत्ता घालतो त्यानेही पुलात मीठ वाढतंच. कुठलंही क्लोरीन वापरलं तरी शेवटी त्याचं क्लोराइड होतं. लिक्विड क्लोरीन रोज पाऊण ते एक लिटर धरलं तर ऑक्टोबर ते मे पुलात ३५-४० किलो मीठ जमा होईल. १३० पेक्षा बरंच कमी, पण शून्य नाही.

दादा, ११:०६
हे माझ्या डोक्यात नव्हतं. मग फिल्टर धुतलेलं पाणी आजपासून पाटात सोडायचं नाही. माडांच्या रांगेपाशी शोषखड्डा करू. माडाला तेवढं चालेल.

वहिनी, ११:१०
वाडीचं सगळं मान्य. पण मग रोजची पावडर पुन्हा माझ्याच गळ्यात. विहीर वाचली पाहिजे, तसा माझा घसाही वाचला पाहिजे. हे ठरल्याशिवाय मी "नको" म्हणणार नाही.

ताई, ११:१२
वहिनी बरोबर बोलतेय. दादा, याचं उत्तर दे.

भाचा, ११:१९
उत्तर आहे. डोसिंग पंप. लहानसा पंप लिक्विड क्लोरीनच्या कॅनमधून नळीने थेंब थेंब पाइपात सोडतो, फिल्टर चालू असेल तेवढा वेळच. मिठाचं यंत्र जे काम करतं, थोडं थोडं आणि सतत, तेच हाही करतो. पावडर उघडायची नाही, उडायची नाही. खर्च सव्वा लाखाच्या आसपाससुद्धा नाही. फक्त लिक्विड उन्हात ठेवलं की जोर गमावतं, म्हणून सावलीत ठेवायचं आणि एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच आणायचं. लाइट गेली तर तेच कॅनमधून मापाने हाताने घालता येतं.

वहिनी, ११:२३
असं असेल तर चालेल. कॅन मात्र चिपळूणहून तुम्ही आणायचा, अहो. मी एसटीतून आणणार नाही.

दादा, ११:२६
आणतो. टॅबलेट उद्यापासून बंद. आहे ते सायन्युरिक पावसाच्या पाण्याने धुतलं जाईल, त्यासाठी ह्या टंचाईत पूल उपसायला नको. येत्या शनिवारचं बुकिंग मी पाहुण्यांशी बोलून पुलाविना केलंय. त्या रात्री क्लोरामाइन मोडायला जास्तीचा डोस द्यायचा आहे, किती ते तू सांग.

भाचा, ११:३३
आधी दिवसा ॲसिडने पीएच ७.४ वर आण, थोडं थोडं, पंप चालू ठेवून. रात्री डोस. १.४ च्या दहापट म्हणजे १४ पीपीएम. आपल्या पुलाला ६५ टक्क्यांची पावडर ९०० ग्रॅम. बादलीत आधी पाणी, मग पावडर, उलटं नाही. मामी नको, मामा तू घाल, वाऱ्याकडे पाठ करून. सायन्युरिक एवढं जास्त असल्यामुळे एकदा पुरणार नाही, दुसऱ्या दिवशी मोजून मला सांग. फ्री क्लोरीन ४ च्या खाली येईपर्यंत कुणी उतरायचं नाही.

आणि पाहुण्यांसाठी पुलाजवळ शॉवर लावू या. समुद्रावरून वाळू आणि डोक्याला तेल घेऊन थेट उडी मारतात, निम्मं क्लोरीन त्यातच जातं.

भाऊकाका, ११:३६
शॉवरचं पाणी माडांकडे जाऊ दे. नळ मी बसवून घेतो, मिस्त्री परवा येणारच आहे.

ताई, ११:४१
ठीक. माझे पैसे डोसिंग पंपाला आणि शोषखड्ड्याला लावा, परत पाठवू नका. छोटी झोपेतून उठून विचारतेय, गणपतीत पूल चालू असेल का?

दादा, ११:४३
गणपतीत नाही गो. पावसात पंप फिरता ठेवणार, डास होऊ नयेत म्हणून क्लोरीनही थोडं राहील, पण उतरायला बंद. दिवाळीला या. गॉगल घेऊन ये म्हणावं.